टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं तरी ऑइल गळूनच राह्यलं

दारव्हा_८१: राजेहो, जरा सांगा. पेट्रोल गाडी, २०११ चं मॉडेल, १ लाख १८ हजार किलोमीटर चालली. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं, पॅकिंग पोळ्याच्या टायमाले बदललं, मंग दिवाळीत, आता परत तेच, त्यात एअर फिल्टरच्या डब्यात बी ऑइल दिसलं अन् परवा यवतमाळहून आलो त डिपस्टिक आपोआप वर आलेली. मिस्त्री म्हणते पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधा लागते. धूर त काहीच नाई. सोयाबीनचे पैसे अजून व्यापाऱ्याकडंच हायेत, कुठून करू हा खर्च?

काळीमाती: इंजिन खोलू नको भाऊ, पयले पीसीव्ही वॉल्व पाह्य. रिंगांच्या बाजूनं थोडा जळका गॅस खाली ऑइलच्या चेंबरमधी उतरतेच, नव्या गाडीत बी उतरते. हा वॉल्व त्या गॅसले इनटेक मॅनिफोल्डात (इंजिनात हवा जायच्या नळ्यात) जाऊ देते, तिथं तो परत जळते. वॉल्व काजळीनं चोंदला की आत प्रेशर वाढते अन् जिथं फट भेटली तिथून ऑइल बाहेर, पॅकिंग, सील, डिपस्टिक, अन् ताजी हवा यायच्या पाइपातून उलटं फिल्टरच्या डब्यात. म्हणून तुझं पॅकिंग टिकत नाई. थंड इंजिनवर काढ, कानाजवळ हलव, टकटक वाजला पाहिजे.

वणी_नाका: वाजला म्हणजे चांगलाच असं नाही हं, माझा वाजायचा तरी स्प्रिंग ढिली झालेली. टॅपेट कव्हरमधून वॉल्व उपसायचा, पाइप तसाच लावून ठेवायचा, गाडी आयडलवर, आणि वॉल्वच्या तोंडावर बोट ठेवायचं. ओढ लागली पाहिजे, नसेल तर वॉल्व नाहीतर पाइप बंद. फॅनपासून हात सांभाळ. कार्ब क्लीनरनं धुता येतो, पण वस्तू स्वस्त आहे, नवाच टाक, रबराचं ग्रोमेट पण.

दिग्रसचा_ट्रॅक्टर: आमच्या जुन्या डिझेल जीपमधी असं काही सापडलंच नाई

वणी_नाका: जुन्या डिझेलला थ्रॉटल (आत जाणारी हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे तशी ओढच तयार होत नाही. तिथं गॅस निघायला ब्रीदर असतो, त्याची जाळी आणि पाइप साफ ठेव, बस.

गिअर_तिसरा: सगळे वॉल्ववरच ढकलू नका बे. नवा टाकूनही ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर आला तर रिंगाच. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजल्याशिवाय मिस्त्रीला खोटं ठरवू नका.

दारव्हा_८१: तीन आठवड्यानं लिहून राह्यलो, वेचणीत वेळच नाई भेटला. वॉल्व अजिबात वाजला नाई, आत डांबरासारखा गाळ, पाइपले बी वाकणात भेग. दोन्ही नवे टाकले. डिपस्टिक जागेवर हाय, डबा कोरडा. झाकण उघडून पाह्यलं, धूर नाई. कॉम्प्रेशन मात्र अजून मोजलं नाई. पॅकिंग एका कोपऱ्यात ओलं दिसते, ते कापूस विकल्यावर.

काळीमाती: बदलशीन तवा बोल्ट जास्त कसू देऊ नको, पॅकिंग चेपते अन् मंग तिथूनच गळते.