१०० इंची पडद्यासाठी प्रोजेक्टर: लुमेन्स बघू की एचडीआर?

कोथरूडकर: नमस्कार मंडळी. हॉल १६ बाय ११ चा, भिंती पांढऱ्या, पश्चिमेला मोठी खिडकी. रात्री जेवणं उरकली की सिनेमा आणि रविवारी दुपारी मॅच, एवढाच वापर. दोन प्रोजेक्टर मनात आहेत. एक डीएलपी (बारीक आरशांच्या चिपचा), खोक्यावर ३००० लुमेन्स, म्हणजे उजेडाचं माप. दुसरा थ्रीएलसीडी (लाल, हिरव्या, निळ्यासाठी तीन वेगळी पॅनेलं), २६००. दोन्ही फोरके (बारीक तपशिलाचं चित्र), दोन्ही एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र).

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. सिंहगड रोडला मित्राकडे एचडीआर सिनेमा पाहिला. गुहेतल्या प्रसंगात मशाल तेवढी झगझगीत, माणसांचे चेहरे काळे ठिक्कर. एचडीआर बंद केल्यावर चेहरे दिसायला लागले! मग त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे?

प्रकाशवाट: आधी खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा. तो सगळ्यात भडक मोडचा असतो, त्यात चित्र हिरवट दिसतं. सिनेमा मोडमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्माच उजेड हाती लागतो.

हिशेब सोपा आहे. १०० इंची पडदा ८७ बाय ४९ इंच, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. सिनेमा मोडचे १५०० लुमेन्स धरले तर भागिले ३० म्हणजे ५० फूट-लँबर्ट (पडद्यावर दिसणाऱ्या उजेडाचं माप), निट्स या दुसऱ्या मापात सुमारे १७०. थिएटरचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट, ४८ निट्स. म्हणजे रात्री तुमच्याकडे थिएटरच्या साडेतीनपट उजेड आहे, काळजी नको. १२० इंचीच्या मोहात मात्र पडू नका. क्षेत्रफळ ४३ चौरस फुटांवर जातं आणि तोच उजेड पातळ होतो. दिवा जुना झाला की आणखी कमी.

सदाशिवपेठी: गुहेचं कोडं सांगतो, मीही यात बरेच महिने काढलेत. एचडीआर सिनेमा १००० किंवा ४००० निट्स धरून तयार करतात आणि आपल्या पडद्यावर असतात जेमतेम १००-१५०. वरचा सगळा उजेड खाली दाबून बसवावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. ते ढोबळ असेल तर मशाल वाचवण्याच्या नादात चेहरे अंधारात जातात. मित्राकडे हेच झालं असणार. एचडीआर१० या साध्या प्रकारात पूर्ण सिनेमासाठी उजेडाची एकच माहिती येते, त्यामुळे गुहेला आणि उन्हातल्या वाळवंटाला एकच माप लागतं. जेव्हीसी कंपनीने २०१९ मध्ये आपल्या प्रोजेक्टरांत दर फ्रेम तपासून माप बदलणारी सोय आणली, पण ती मशिनं महाग. मित्राला मेनूत एचडीआर ब्राइटनेसची पट्टी शोधून दोन-तीन घरं वर न्यायला सांगा. ब्लू-रे बघत असाल तर पॅनासोनिकचा यूबी८२० प्लेअर हे काम स्वतःच करतो, आणि सुरेख करतो.

औंधची मावशी: वरचं सगळं मान्य, पण पांढऱ्या भिंतींबद्दल कुणीच कसं बोललं नाही? पडद्यावरचा उजेड भिंतीला, छताला लागून परत पडद्यावरच येतो आणि काळा रंग राखाडी होतो. आम्ही पडद्याच्या बाजूच्या भिंतींना गडद पडदे लावले, तेव्हा कुठे रात्रीचं आकाश काळं दिसलं. प्रोजेक्टर तोच!

आणि डीएलपी घेण्याआधी पिवळा रंग तपासा. त्यातल्या कलर व्हीलमध्ये (फिरणाऱ्या रंगीत चकतीत) पांढरा भाग असला की पांढरं लख्ख दिसतं, पण त्या मानाने रंग मागे पडतात. झेंडूचा पिवळा मोहरीच्या चटणीसारखा मळकट होतो. काहींना डीएलपीत नजर फिरवताना इंद्रधनुषी रेघाही दिसतात. घरातल्या सगळ्यांना दुकानात घेऊन जा.

कोथरूडकर: सगळ्यांचे मनापासून आभार. काल पेन ड्राइव्हवर दोन क्लिपा घेऊन दुकानात गेलो: एक रात्रीचा प्रसंग, एक झेंडूच्या हारांचा. हारांतच फरक कळला. मुलीला डीएलपीत सबटायटलभोवती लाल-निळ्या रेघा दिसल्या, मला एकही नाही. थ्रीएलसीडी नक्की केलाय, पडदा १०० चाच. मावशी, पडद्यांचं कापड कुठलं घेतलंत? मखमल पावसाळ्यात कुबट होते का?

औंधची मावशी: मखमल नव्हे, मॅट काळं जाड सुती. लक्ष्मी रोडला मीटरवर मिळतं. चमक असलेलं काही घेऊ नका. पश्चिमेच्या खिडकीलाही तेच दुहेरी शिवून घ्या, नाहीतर दुपारच्या मॅचला चेंडू शोधत बसाल.