अनुभव धागा : सर्वोच्च न्यायालयातली रिकामी खुर्ची आणि अमेरिकेतली आपली घरे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती असतात आणि त्यांची नेमणूक तहहयात असते. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे आणि सेनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, त्यावर मान्यतेची मोहोर उठवायची, अशी पद्धत आहे. त्यामुळे एखादी जागा रिकामी झाली, की तिथे कोण बसणार हा प्रश्न दोन्ही पक्षांना निवडणुकीइतकाच जिव्हाळ्याचा होतो. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी पुराणमतवादी न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कालिया वारले, तेव्हा निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण पुढे करून रिपब्लिकन बहुमताच्या सेनेटने ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही घेतली नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी उदारमतवादी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या, तेव्हा मतदानाला सात आठवडेही उरले नव्हते. तरीही रिपब्लिकन बहुमताच्याच सेनेटमध्ये ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, ५२ विरुद्ध ४८ मतांनी शिक्कामोर्तब झाले. या ओढाताणीच्या मुळाशी बऱ्याच अंशी गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ हा निकाल होता. २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्यात तो रद्द झाला आणि गर्भपाताला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवणे राज्यांकडे गेले.

या राजकारणावर मराठीत लेख पुष्कळ आले. मात्र इथे राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरात आणि कामाच्या ठिकाणी या काळात काय घडले, हे फारसे कुणी लिहिलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. गर्भ ठेवायचा की नाही हे त्या बाईनेच ठरवावे, आणि २०१६ व २०२० मध्ये सेनेटने दोन वेगवेगळे न्याय लावले, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावे, त्यांच्या अनुभवांविना हा धागा अपुरा राहील. कृपया डॉक्टर, रुग्णालये आणि नातेवाईक यांची नावे देऊ नयेत.

टेक्सस, डॅलसजवळच्या उपनगरातून

माझे यजमान एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल याचा अंदाज कुणालाच देता येत नाही. मतदानाचा अधिकार नसल्यामुळे बॅरेट यांची सुनावणी आम्ही परक्या घरातला वाद ऐकावा तशी ऐकली होती.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये नवा कायदा लागू झाला. गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसू लागली की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, गर्भपाताला बंदी आली. गर्भपात करणाऱ्यावर किंवा त्याला मदत करणाऱ्यावर कुणाही त्रयस्थाने दिवाणी दावा लावावा आणि जिंकल्यास किमान दहा हजार डॉलर मिळवावेत, अशी त्यात तरतूद होती. त्या कायद्याला स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला. खुद्द सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे मत स्थगिती द्यावी असे होते, आणि नकार देणाऱ्या पाचांत बॅरेट होत्या. गिन्सबर्ग यांच्या जागी निवडणुकीनंतर दुसरे कुणी आले असते, तर हाच आकडा उलटा झाला असता. हे गणित मी त्या हिवाळ्यात मनाशी इतक्यांदा मांडले, की आजही ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

कारण त्याच हिवाळ्यात माझी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. तपासणी करणाऱ्या बाई सुरुवातीला नाव काय ठेवणार वगैरे विचारत होत्या. मग प्रोब एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरू लागला आणि त्यांचे बोलणे थांबले. बाळाची दोन्ही मूत्रपिंडे तयार झालेली नव्हती आणि गर्भजल जवळजवळ नव्हते. गर्भजल नसेल तर फुप्फुसे वाढत नाहीत, म्हणजे जन्मल्यावर बाळाला श्वासच घेता येणार नव्हता. डॉक्टरांनी खोलीचे दार लावले आणि सांगितले, की या राज्यात मला याहून अधिक काही बोलता येत नाही, तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांचे मत घ्या. कुठल्या राज्यातल्या, हे मी विचारले, त्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि रिपोर्टच्या दोन प्रती माझ्या हातात ठेवल्या.

आम्ही न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला गेलो. निघण्यापूर्वी यजमानांची काळजी वेगळीच होती : मी गाडी चालवत नेले तर माझ्यावर दावा लागेल का, आणि लागला तर व्हिसाचे काय होईल? दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे केलेल्या उपचाराला हा कायदा लागू होत नाही, असे वकिलाने सांगितल्यावरच आम्ही घर सोडले. सासूबाईंचे बाळंतपणासाठी काढलेले तिकीट रद्द करायला फोन केला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सांगलीत असतीस तर हे सगळं आपल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठरलं असतं गं.” मला दुःख बाळाचे होते आणि आहे. संताप आहे तो या गोष्टीचा, की त्या दुःखात मला आधी वकील गाठावा लागला.

ओहायोतून, निवृत्त अभियंता

मी विरुद्ध बाजूचा आहे, आणि धागा काढणाऱ्यांनी आम्हालाही बोलावले याबद्दल आभार. २०१६ मध्ये मी ट्रम्प यांना मत दिले ते केवळ स्कालियांच्या रिकाम्या जागेसाठी. त्यांनी संभाव्य न्यायमूर्तींची यादी निवडणुकीआधीच जाहीर केली होती आणि माझ्यासारख्यांना तेवढे पुरेसे होते.

ही ओढाताण २०१६ मध्ये सुरू झाली, असे मानणे मला मान्य नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचे नाव सेनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळले. त्या जागी अँथनी केनेडी आले, आणि १९९२ मध्ये रो निकाल टिकवणाऱ्या पाचांत तेच केनेडी होते. तेव्हा एका जागेच्या नेमणुकीचा परिणाम काय होतो, हा धडा आम्ही डेमोक्रॅट्सकडूनच शिकलो. घटनेने सेनेटला संमती देण्याचा अधिकार दिला आहे, त्यातच ती नाकारण्याचाही अधिकार येतो. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि सेनेट दुसऱ्याचे होते, २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाचे होते. यात राजकारण होते, ते मी नाकारत नाही, पण घटनाभंग नव्हता.

माझ्या मताचे मूळ मात्र इथल्या कुठल्याही चर्चमध्ये नाही. ऐंशीच्या दशकात गर्भजल तपासून मुलगी असल्यास गर्भ पाडण्याची लाट मी आमच्या नात्यातल्या घरांत पाहिली. त्यावर बंदी घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, याचा मला अभिमान आहे. माझ्या एका चुलत वहिनीला ओळीने दोनदा त्या खोलीत पाठवले गेले आणि घरातल्या एकाही माणसाने तिला काय हवे ते विचारले नाही. पोटातला जीव कुणाच्या मर्जीवर सोडायचा नाही, हे मी तेव्हा ठरवले. माझी मुलगी म्हणते, की बाबा, त्या काकूला विचारले गेले नाही हाच तर आमचा मुद्दा आहे. तिच्या म्हणण्यात वजन आहे, पण गर्भाला विचारणारे कुणी नसते, यावर माझ्यापाशी दुसरे उत्तर नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोने गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालायचा की नाही यावर मतदान घेतले. आम्ही बापलेक एकाच गाडीतून गेलो, तिने होकार दिला, मी नकार. सुमारे ५७ टक्के मतांनी हक्क मंजूर झाला. हा प्रश्न मतदारांकडे जावा असे मीच म्हणत आलो होतो, तेव्हा त्यांनी दिलेला कौल मी मानतो.

मिझुरीतून, स्त्रीरोगतज्ज्ञ

डॉब्सचा निकाल आला त्याच दिवशी मिझुरीत बंदी लागू झाली, कारण रो रद्द होताच अमलात येईल असा कायदा राज्याने २०१९ मध्येच करून ठेवला होता. बंदीला अपवाद होता तो वैद्यकीय आणीबाणीचा. आणीबाणी कशाला म्हणायचे, हे मात्र कायद्याच्या भाषेतून रात्री दोन वाजता कॉटजवळ उभे राहून ठरवायचे होते, आणि चुकलात तर तुरुंग.

अठराव्या आठवड्यात पाणमोट फुटलेली एक बाई आमच्याकडे आली. बाळ जगण्याची शक्यता जवळपास नव्हती, पण ठोके चालू होते. गर्भाशय लवकर रिकामे करणे हा अशा वेळी रुग्णापुढे ठेवायचा नेहमीचा पर्याय आहे, कारण तिथून जंतुसंसर्ग कधी रक्तात शिरेल ते सांगता येत नाही. रुग्णालयाच्या वकिलांचे उत्तर आले, की ताप येईपर्यंत थांबा. मी दर तासाला तिचे तापमान आणि नाडी लिहीत राहिले. आपण रुग्णाला ताप येण्याची वाट पाहतो आहोत, ही जाणीव किती भयंकर असते हे सांगणे कठीण आहे. पहाटे थंडी वाजून ताप भरला, मग परवानगी मिळाली. ती वाचली, पण पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात होती.

माझे शिक्षण पुण्यात झाले. भारताच्या १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात उणिवा आहेत, निर्णय बाईच्या नव्हे तर डॉक्टरच्या हाती दिला आहे, ही त्यातली सर्वांत मोठी. तरीही आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर एका नोंदणीकृत डॉक्टरचे प्रामाणिक मत पुरे, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. प्रशिक्षणाच्या काळात अशा रुग्णासाठी वकिलाला उठवण्याची वेळ मी पाहिली नाही. बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये अशाच अवस्थेत, ठोके चालू आहेत म्हणून थांबवून ठेवल्यामुळे, रक्तातल्या संसर्गाने गेल्या. त्यांचा चेहरा त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

वॉशिंग्टन परिसरातून, वकील

गिन्सबर्ग यांची शवपेटिका न्यायालयाच्या पायऱ्यांवर दोन दिवस ठेवली होती. मी रांगेत उभी होते. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, लहान मुलींच्या गळ्यात गिन्सबर्ग घालत तशा कागदाच्या पांढऱ्या कॉलरी, आणि पुढे-मागे एकच चर्चा : आता सेनेट काय करणार? शोक करायलाही लोकांना उसंत मिळाली नाही.

स्कालिया यांना १९८६ मध्ये ९८ विरुद्ध ० मते मिळाली होती, गिन्सबर्ग यांना १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३. दोघांची मते दोन टोकांची होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. बॅरेट यांना एकाही डेमोक्रॅटचे मत मिळाले नाही. सेनेट डेमोक्रॅट्सकडे असताना, २०१३-१४ मध्ये, गिन्सबर्ग यांनी निवृत्त व्हावे असे काहींनी जाहीरपणे सुचवले होते आणि त्यांनी ते मानले नाही. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे, आणि या निर्णयाबद्दल रागही आहे. रो निकालावर त्यांचीच टीका होती, की तो एका फटक्यात फार पुढे गेला आणि त्याला स्त्रीपुरुष समानतेचा पाया असायला हवा होता. तो पाया घालण्याची संधी त्यांना कधी मिळालीच नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे एका मृत्यूवर देशाचा कायदा टांगलेला राहत नाही. नव्या न्यायमूर्तींची नावे ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमचे कामकाज बंद दाराआड चालते हा दोष आहेच. पण डॉब्सनंतर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ दिला. त्या दिवशी आमच्या कचेरीत तो निकाल मी चार सहकाऱ्यांना वाचून दाखवला. माझ्या मते इथेही न्यायमूर्तींना अठरा वर्षांची ठरावीक मुदत हवी.

विस्कॉन्सिनमधून

आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लोकच निवडतात. नागरिक झाल्यावर माझे पहिले मत पडले ते ४ एप्रिल २०२३ रोजी, अशाच एका रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी. जॅनेट प्रोटासेविच आणि डॅनियल केली यांच्यातल्या त्या लढतीत १८४९ चा गर्भपातविरोधी कायदा हाच मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्तीच्या उमेदवाराने दूरचित्रवाणीवर जाहिराती कराव्यात हे मला मुळीच रुचले नाही, आणि तरीही मी सकाळी दार उघडताच मतदान केंद्रावर हजर होते. प्रोटासेविच निवडून आल्या. २ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने तो जुना कायदा चार विरुद्ध तीन मतांनी निष्प्रभ ठरवला, आणि त्या चारांत त्या होत्या. माझ्या दोन भाच्या इथे विद्यापीठात शिकतात. पुढची जागा कधी रिकामी होते आहे, याची तारीख आता त्याच मला कळवतात.