सॉमर्टन मॅन प्रकरण : विषशास्त्राच्या जाणकारांची मदत हवी आहे
नमस्कार. १ डिसेंबर १९४८ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर एका अनोळखी पुरुषाचा मृतदेह सापडला. त्याच्या बहुतेक कपड्यांवरील लेबले काढलेली होती आणि खिशात उमर खय्यामच्या रुबायांच्या पुस्तकातून फाडलेला 'तमाम शुद' (फारसीत 'संपले') असा छापील कपटा होता. कपट्याविषयी आणि त्या पुस्तकातील सांकेतिक अक्षरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझी अडचण मात्र मृत्यूच्या कारणाविषयी आहे.

शवविच्छेदनात प्लीहा खूप वाढलेली आढळली आणि जठरात रक्त दिसले, म्हणून डॉक्टरांना विषाचा संशय आला, पण रासायनिक तपासणीत कोणतेच विष सापडले नाही. चौकशीत डिजिटॅलिससारख्या, हृदयावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांची शक्यता मांडली गेली. अशी द्रव्ये त्या काळच्या तपासणीतून खरोखरच निसटू शकत होती का?

२०२१ मध्ये अवशेष उकरून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी, मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टर साच्यात अडकलेल्या केसांतील डीएनएच्या आधारे, तो मेलबर्नचा विद्युत अभियंता कार्ल वेब असल्याचे जाहीर केले. नाव मिळाले तरी तो मेला कसा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दफनापूर्वी देहावर रासायनिक लेपन झालेले असताना, इतक्या वर्षांनी हाडांतून किंवा केसांतून अशा विषाचा माग लागू शकतो का, हे न्यायवैद्यक क्षेत्रातील कोणी समजावून सांगितल्यास मी मनापासून आभारी राहीन. या विषयावर मराठीत काही वाचण्याजोगे असल्यास तेही कृपया सुचवावे.