मिशिगन: फुटबॉल 15-0, बास्केटबॉल 8-24. कोचिंग जोखायचं कसं?

निळापिवळा (प्रश्न):

2023-24 या एकाच शैक्षणिक वर्षात मिशिगन विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल संघ जिम हार्बॉच्या हाताखाली 15-0 (15 विजय, पराभव शून्य) करून राष्ट्रीय विजेता झाला. त्याच कँपसवरचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ जुवान हॉवर्डच्या हाताखाली 8-24 वर आपटला. पुढच्या वर्षी पारडं फिरलं. शरोन मूरचा फुटबॉल संघ 8-5, आणि डस्टी मेचा बास्केटबॉल संघ 27-10, वर बिग टेन या त्यांच्या लीगच्या स्पर्धेचं विजेतेपद आणि स्वीट सिक्स्टीन, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या 16 संघांत.

हे दोनच मोसम धरू. चाहत्यांचा न्याय सोपा असतो: जिंकला तो कोच हुशार, हरला तो बिनडोक. मला त्यापुढचं हवं आहे. टीव्हीवर सामना बघताना कोचच्या खात्यात नेमकं काय टाकायचं आणि खेळाडूंच्या खात्यात काय? दोन्ही खेळांना एकच फूटपट्टी चालते का? आणि 30 नोव्हेंबर 2024 ला मिशिगनने कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला 13-10 असं हरवलं, तो मूरचा विजय म्हणायचा की ओहायो स्टेटचा कोच रायन डे याचा पराभव?

हॅशमार्क:

एकच फूटपट्टी चालत नाही, आणि याचा पुरावा 2023 च्या मिशिगननेच दिला आहे. हार्बॉ नियमित मोसमातल्या 12 पैकी 6 सामन्यांना मैदानावर नव्हता: पहिले तीन विद्यापीठाने लावलेल्या निलंबनामुळे, शेवटचे तीन बिग टेनने समोरच्या संघांच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणात लावलेल्या निलंबनामुळे. संघ सहाही जिंकला. कॉलेज फुटबॉलचा मुख्य कोच शनिवारी दुपारी जे करतो त्याहून जास्त तो वर्षभर करून ठेवतो: सहायक निवडणं, भरती, सरावाची शिस्त. सामन्यात चाली बोलावतो बहुतेक वेळा कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा सहायक कोच. तेव्हा "कोचने तिथे धाव का बोलावली" असं ओरडण्याआधी ती चाल कोणाची होती ते बघा. मुख्य कोचचे स्वतःचे निर्णय मोजकेच असतात: चौथा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), टाइमआउट, टचडाउननंतर (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन 6 गुण केल्यावर) एका गुणाची किक की दोन गुणांचा प्रयत्न, घड्याळ.

टीव्हीसमोर कागद घेऊन बसणार असाल तर आधी यशाचा दर टिपा. पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी 50 टक्के, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर चाल यशस्वी, नाहीतर अपयशी. पहिला आणि 10 (पहिला डाउन, 10 यार्ड हवेत) वर 4 यार्ड मिळाले, तर अपयशी. दुसरा आणि 6 वर पुन्हा 4, तेही अपयशी, कारण 4.2 लागतात. तिसरा आणि 2 वर 2, यशस्वी. फर्स्ट डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळाला म्हणून समालोचक खूश, पण तीनपैकी दोन चाली फसलेल्या आहेत आणि असं फार वेळ चालत नाही. पहिले दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या सलग चाली) वेगळे मोजा, कारण सुरुवातीच्या साधारण 15 चाली आठवडाभर आधी लिहून ठेवलेल्या असतात. तिथे दर चांगला आणि पुढे घसरला, तर आठवड्याची तयारी ठीक होती, समोरच्याने केलेल्या बदलाला उत्तर सापडलं नाही.

दुसरं, प्ले क्लॉक, म्हणजे पुढची चाल सुरू करायची मुदत. ती 40 सेकंदांची. 2024 पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण 15 सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे चाल 20 च्या आसपास पोचायलाच हवी. 12-13 ला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) बाजूकडे बघून हात हलवत असेल तर घोळ बाकावर आहे. अर्ध्याला तीनच टाइमआउट मिळतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते "चुकीचे लोक मैदानावर" म्हणून जळत असतील, तर ते शंभर टक्के कोचिंगच्या खात्यात.

तिसरं, चौथा डाउन. प्रतिस्पर्ध्याच्या 38 यार्डवर चौथा आणि 2. फील्ड गोल (तीन गुणांची किक) 38 अधिक 17 (एंड झोन या शेवटच्या पट्ट्याचे 10, किक मागून मारण्याचे 7), म्हणजे 55 यार्डांचा. पंट, म्हणजे लाथेने चेंडू लांब समोरच्याकडे देणं, एंड झोनमध्ये गेला तर चेंडू 20 वर येतो, म्हणजे मिळाले 18 यार्ड. अशा ठिकाणी पंट करणारा कोच हरण्याला नाही, टीकेला घाबरतो. प्रयत्न फसला तरी निर्णय बरोबरच होता, हे मान्य करायची तयारी चाहत्याकडे हवी. तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

आता 13-10. मिशिगनच्या बचावाचं बळ होतं मधोमध: मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढे 2025 च्या एनएफएल (व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. कडेला मात्र पास झेलणाऱ्यांना रोखणारा कॉर्नरबॅक विल जॉन्सन दुखापतीने बाहेर. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ आणि एमेका इग्बुका हे पास झेलणारे रिसीव्हर. अशा वेळी डे आणि त्याचा कोऑर्डिनेटर चिप केली पुन्हा पुन्हा मधूनच घुसायला गेले: 26 धावांत 77 यार्ड. भिंतीला धडक देऊन भिंत का हलत नाही हे विचारण्यासारखं. त्यात दोन फील्ड गोल चुकले, ते मात्र किकरच्या खात्यात. मिशिगनकडून पासवर मिळाले जेमतेम 62 यार्ड, म्हणजे त्यांचं आक्रमण काही भारी नव्हतं. मूरला श्रेय इतकंच, की आपल्या क्वार्टरबॅकच्या मर्यादा ओळखून त्याने सामना लहान ठेवला.

डेची योजना चुकली होती हे कशावरून? पुढे प्लेऑफमध्ये त्याच खेळाडूंनी, त्याच कोचिंग स्टाफखाली, चेंडू स्मिथकडे बाहेर फेकत टेनेसीला 42-17 आणि ओरेगनला 41-21 असं धुतलं आणि विजेतेपद नेलं. माणसं तीच, फरक योजनेचा.

शेवटचीरांग:

वरच्याला +1, पण मूरला 8-5 बद्दल सरसकट झोडणाऱ्यांसाठी एक तारखांची यादी. अंतिम सामना 8 जानेवारी 2024. हार्बॉ एनएफएलमधल्या चार्जर्सकडे गेला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मूरची नेमणूक त्यानंतर दोन दिवसांत. तोवर ट्रान्सफर पोर्टलची (खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची) हिवाळी खिडकी बंद झाली होती आणि चांगले क्वार्टरबॅक नव्या घरी पोचले होते. जे. जे. मॅकार्थी एनएफएलला गेलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन क्वार्टरबॅक आलटून पालटून खेळवले आणि पासिंगमध्ये मिशिगन देशाच्या तळाशी राहिलं.

फक्त वसंतातली खिडकी, 16 ते 30 एप्रिल, ही मूरच्या हातात होती आणि तिथूनही त्याने क्वार्टरबॅक आणला नाही. ती चूक पूर्णपणे त्याची. म्हणून माझा हिशेब: जानेवारी माफ, एप्रिल नाही.

आणि हाच मूर 11 नोव्हेंबर 2023 ला हंगामी कोच असताना पेन स्टेटविरुद्ध सलग 32 चाली धावेच्या खेळला आणि 24-15 जिंकला. पेन स्टेटचा जोर होता कडेने क्वार्टरबॅकवर झडप घालण्यात. पासच टाकला नाही, तर झडप घालणार कोणावर? जादा लाइनमन उतरवून त्याने त्यांचं मुख्य हत्यारच निकामी केलं. बघायला कंटाळवाणं होतं, पण कोचिंग म्हणून त्या वर्षातलं माझं सर्वांत आवडतं.

शॉटक्लॉक:

बास्केटबॉलमध्ये लपायला जागा नाही. चाली, बदली, टाइमआउट सगळं मुख्य कोचच चालवतो आणि सामने तीसहून जास्त, त्यामुळे नशिबाचा वाटा फुटबॉलपेक्षा लवकर गळून जातो.

आधी पझेशन, म्हणजे चेंडू हाती आल्याची एक खेप, मोजायला शिका, नाहीतर 85 गुण म्हणजे चांगलं आक्रमण असा गैरसमज होतो. सूत्र: फील्ड गोलचे (इथे चालू खेळातल्या शॉटचे) प्रयत्न, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (शॉटआधीच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोचे प्रयत्न गुणिले 0.475. समजा 58 शॉट, 10 आक्रमक रिबाउंड, 12 टर्नओव्हर, 18 फ्री थ्रो. झाली साधारण 68.5 पझेशन. 75 गुण केले असतील तर पझेशनमागे 1.09. हे ठीकठाक आक्रमण. मग डीन ऑलिव्हरचे चार घटक बघा: शॉटचा परिणामकारक टक्का, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड, फ्री थ्रोचं प्रमाण. परिणामकारक टक्क्यात तीन गुणांचा शॉट दीडपट धरतात. 58 पैकी 26 पडले, त्यांतले 8 लांबून, तर 26 अधिक 4, भागिले 58, म्हणजे 51.7 टक्के.

मेच्या पहिल्या संघाचं मर्म इथेच दिसतं. तो फ्लोरिडा अटलांटिकहून आला, तिथला व्लादिस्लाव गोल्डिन त्याच्यामागे आला आणि येलहून डॅनी वुल्फ. दोघेही सुमारे सात फुटी. असे दोघे एकत्र खेळवले तर जागा तुंबते ही सर्वसाधारण समजूत. मेने वुल्फच्या हातात चेंडू देऊन गोल्डिनबरोबर पिक अँड रोल (एकाने बचावपटूची वाट अडवून मग रिंगकडे धावायचं) खेळवला. समोरचा संघ या जोडीसाठी सरावच करत नाही: दोन उंच बचावपटू तीन गुणांच्या रेषेजवळ ओढले जातात आणि रिंगखालची जागा मोकळी होते. कोचने मिळालेल्या माणसांना आपल्या ठरलेल्या साच्यात कोंबलं नाही, साचाच बदलला.

याची किंमत टर्नओव्हरमध्ये मोजावी लागली. उंच माणूस गर्दीतून ड्रिबल करत अरुंद फटीतून पास देतो तेव्हा चेंडू जातोच. 68 पझेशनमध्ये 16 टक्क्यांऐवजी 20 टक्के टर्नओव्हर म्हणजे सामन्याला पावणेतीन पझेशन जास्त वाया, म्हणजे सुमारे तीन गुण. त्या मोसमात बरेच सामने निसटत्या फरकाने जिंकले गेले, तेव्हा या तीन गुणांचं वजन लक्षात घ्या. तेच सामने उलटे गेले असते तर हाच मे "शिस्त नाही" म्हणून शिव्या खात असता.

हॉवर्डच्या 8-24 बद्दल: सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्यावर हृदयशस्त्रक्रिया झाली आणि मोसमाच्या सुरुवातीला संघ फिल मार्टेलीने सांभाळला. प्रमुख गार्ड अभ्यासाच्या कारणावरून बाहेरगावच्या सहा सामन्यांना मुकला. हे वजा करूनही 20 लीग सामन्यांत 3 विजय उरतात, आणि पोर्टलमधून जमवलेली माणसं एकमेकांना पूरक नव्हती हे कोचच्याच खात्यात.

एक सापळा सांगतो. प्रतिस्पर्ध्याने तीन गुणांचे शॉट 45 टक्क्यांनी टाकले की "बचाव शिकवतच नाही" अशी ओरड होते. तो टक्का बराचसा नशिबावर असतो. बचाव मोजायचा तर समोरच्याला तसे शॉट किती घेऊ दिले, ते मोजा.

निळापिवळा:

दोन शंका. समोरच्याने सलग 8 गुण केले तरी कोच टाइमआउट का घेत नाहीत? आणि पहिल्या अर्ध्यात दोन फाउल झाले की चांगला खेळाडू बाकावर, हे बरोबर का?

शॉटक्लॉक:

पहिल्याचं उत्तर घड्याळात आहे. टीव्हीवरच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्यात 16, 12, 8 आणि 4 मिनिटांखाली पहिल्यांदा खेळ थांबला की जाहिरातीचा टाइमआउट आपोआप मिळतो. 12:20 वर समोरचा सुटला असेल तर 20 सेकंदांनी फुकट मिळणाऱ्यासाठी स्वतःच्या चारांतला एक कोण जाळेल? 15:30 वर, नुकताच थांबा होऊन गेला असताना गप्प बसला, तर मात्र विचारा.

दुसऱ्याबद्दल माझं मत कडवं आहे. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर जातो. कोच त्याला दोनवर 12 मिनिटं बसवतो, म्हणजे जी शिक्षा पंच कदाचित देतील ती तो आधीच देऊन टाकतो. असा खेळाडू बरेचदा तीन फाउलवरच सामना संपवतो, बाकीचे दोन बाकावर वाया. गोल्डिनसारख्या रिंग राखणाऱ्याबाबत थोडी सावधगिरी समजू शकतो, गार्डबाबत नाही.

शेवटच्या मिनिटातलं एक: तीन गुणांनी पुढे, 6 सेकंद बाकी, मुद्दाम फाउल करायचा का? आधी पाटीवर अर्ध्यातले फाउल बघा. चारच झाले असतील तर फाउलने फ्री थ्रो मिळतच नाहीत, समोरच्याला पुन्हा बाहेरून चेंडू आत टाकावा लागतो आणि सेकंद जातात. सातव्यापासून एक अधिक एक (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा), दहाव्यापासून दोन. फसतं ते दोन ठिकाणी: शॉट उचलताना धक्का लागला तर तीन फ्री थ्रो, आणि दुसरा मुद्दाम चुकवलेला फ्री थ्रो बॉक्स आउट न केल्यामुळे (समोरच्याला अंगाने अडवून न ठेवल्यामुळे) परत त्यांच्याच हातात. या दोन्ही गोष्टी सरावात घटवून घेतलेल्या असतात किंवा नसतात, आणि ते लगेच दिसतं.

हॅशमार्क:

फुटबॉलमध्ये असाच एक निर्णय, ज्यावर दरवर्षी भांडण होतं. 14 ने मागे, उशिरा टचडाउन, आता 8 ने मागे. लोक म्हणतात किक मारा. दोन गुणांचा प्रयत्न शंभरात 45 वेळा साधतो आणि किक कधी चुकत नाही असं धरा, पुढचा टचडाउन मिळणार असंही धरा. आत्ता दोन साधले तर पुढे साधी किक जिंकून देते: 45 टक्के. फसले तर पुढे पुन्हा दोनाचा प्रयत्न, 55 च्या 45 टक्के म्हणजे जवळपास 25 टक्के वेळा ओव्हरटाइम, त्यातले निम्मे आपले. बेरीज 57. दोन्ही वेळा किक मारली तर ओव्हरटाइमचे सरळ 50. साधण्याचं प्रमाण 38 टक्क्यांच्या वर असेल तोवर दोनच बरोबर. आक्रमण इतकं लंगडं असेल की तेही जमणार नाही, तर मात्र किक. 2024 चं मिशिगन त्या रेषेच्या कोणत्या बाजूला होतं, यावर मी स्वतः दोनदा मत बदललं आहे.