मदत हवी आहे: स्प्रिंगने जोडलेले दोन ठोकळे, गणित एक आणि माझी उत्तरं तीन

मुलीला भौतिकशास्त्र समजावायला बसले आणि स्वतःच अडकले. कुणी वाट दाखवेल का?

गणित असं: घर्षण अजिबात नसलेल्या जमिनीवर दोन ठोकळे, मागचा २ किलोचा, पुढचा १ किलोचा. मध्ये बिनवजनी स्प्रिंग, तिचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर. सुरुवातीला सगळं स्थिर, स्प्रिंग सैल. आता पुढच्या ठोकळ्याला ३० न्यूटन बलाने एकसारखं ओढत राहायचं. स्प्रिंग जास्तीत जास्त किती ताणली जाईल?

आधी मी सरळ ३० ला २०० ने भागलं. १५ सेंमी. मुलगी म्हणाली, "आई, सगळे ३० स्प्रिंगपर्यंत पोचतील कसे? पुढचा ठोकळाही वेग घेतोय ना?" बरोबर आहे तिचं. मग एकूण ३ किलो धरून त्वरण काढलं, १० आलं. मागच्या २ किलोला तेवढं त्वरण द्यायला २० न्यूटन लागतात, म्हणजे ताण १० सेंमी. खूश झाले. खात्री म्हणून ऊर्जेने करून पाहिलं: ३० गुणिले ताण बरोबर अर्धा गुणिले २०० गुणिले ताणाचा वर्ग. उत्तर ३० सेंमी!

पुस्तकामागे नुसतं '२० सेंमी' छापलंय, रीत नाही. १० आणि ३० ची सरासरी २० येते, पण तेवढा निर्लज्जपणा अजून जमत नाही.

प्रतिसाद १:
ताई, तुमचं १० चुकलेलं नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. १० सेंमीला दोन्ही ठोकळ्यांचं त्वरण सारखं होतं, पण त्या क्षणी पुढचा ठोकळा मागच्यापेक्षा सेकंदाला सुमारे १.७३ मीटरने जास्त जोरात पळतोय. मग स्प्रिंग ताणायची थांबेल कशी? झोका मधोमध आला म्हणून थांबतो का? ताण वाढायचा थांबतो तो वेग सारखे झाल्यावर. 'जास्तीत जास्त' हा शब्द दिसला की आधी हे लिहून ठेवायचं.

ऊर्जेच्या रीतीत दोन गफलती आहेत. बलाने केलेलं काम पुढचा ठोकळा जमिनीवर जितका सरकला त्यावर ठरतं, ताणावर नाही. शिवाय ताण सर्वाधिक असताना दोघेही पळत असतात; ती गतिज ऊर्जा तुम्ही धरलीच नाहीत.

सोपी वाट म्हणजे वस्तुमानकेंद्रावर, म्हणजे दोन्ही ठोकळ्यांच्या वस्तुमानाचा तोल जिथे साधतो त्या बिंदूवर, बसून बघा. ते १० च्या त्वरणाने चाललंय, म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर उलट दिशेने आभासी बल (वेग घेणाऱ्या जागेवरून बघताना मानावं लागणारं बल, वस्तुमान गुणिले १०) लावायचं. मागच्यावर मागे २० न्यूटन. पुढच्यावर ३० वजा १०, म्हणजे पुढे २०. इथून पाहिलं तर सुरुवातीला दोघे स्थिर आणि कमाल ताणालाही स्थिर. आता तुमचंच समीकरण ३० च्या जागी २० घालून सोडवा: २० गुणिले ताण बरोबर १०० गुणिले ताणाचा वर्ग. ताण २० सेंमी.

धागाकर्ती:
अरे वा! पण दोन्ही टोकांना २०-२०, मग ४० का नाही धरायचे?

प्रतिसाद १:
स्प्रिंगचं एक टोक भिंतीला बांधून दुसरं २० न्यूटनने ओढलंत, तरी भिंत २० नेच उलट ओढत असते. तिथे आपण ४० म्हणत नाही. काम मात्र दोन्ही टोकांचं मोजायचं: २० गुणिले मागचं सरकणं अधिक २० गुणिले पुढचं सरकणं, आणि त्या दोन्हींची बेरीज म्हणजेच ताण.

प्रतिसाद २:
वरच्या उत्तराला +१. हेच ३० न्यूटन एकदम न लावता शून्यापासून अगदी हळूहळू वाढवत नेले असते, तर ताण १० सेंमीच्याच आसपास राहिला असता. एकदम लावलं म्हणून दुप्पट.

आता ठोकळे तसेच ठेवून २ किलोच्या ठोकळ्याला ओढा. किती येतं?

धागाकर्ती:
आधी पहिल्या गणिताचा पडताळा. जमिनीवरून बघून केला, कारण आभासी बलावर माझा अजून पुरता विश्वास नाही. कमाल ताण सुमारे ०.१८ सेकंदाला येतो, तेव्हा दोघांचा वेग सेकंदाला १.८१ मीटर. पुढचा ठोकळा साधारण २९.८ सेंमी सरकलेला, म्हणजे काम ८.९३ ज्यूल. त्यातले ४ स्प्रिंगमध्ये, बाकीचे ४.९३ ठोकळ्यांच्या गतीत. हिशोब जुळला!

दुसरं गणित मुलीने केलं. मागे आता १ किलोच आहे, त्याला १० न्यूटन पुरतात, म्हणजे ५ सेंमी आणि दुप्पट करून १०. "बघ आई, तुझं १० आलं शेवटी," म्हणाली. आता ती मला शिकवायला बसली आहे.