नोकरीसाठी ओळख: कुणाला विचारायचं, काय मागायचं

नांदेडकर ताई, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

गावाकडून आपल्या परदेशातल्या मंडळाच्या यादीवर सतत कुणाचा ना कुणाचा सीव्ही येतो. सोबत एकच ओळ असते, "आपलंच लेकरू आहे, कुठंतरी लावून द्या." चार जण "बघतो" म्हणून उत्तर देतात आणि विषय तिथंच विरतो. मन कुणाचंच वाईट नसतं. नेमकं काय करायचं, हे ना पाठवणाऱ्यानं लिहिलेलं असतं, ना बघणाऱ्याला कळलेलं.

सध्या दोन तऱ्हेची मुलं दिसतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत दोन-चार वर्षं काढून पुण्याजवळच्या चाकणला किंवा परदेशी जाऊ पाहणारी एक. आणि नांदेड, लातूर, परभणीकडं नुकतीच पदवी घेतलेली, कुठल्याच कंपनीत ओळखीचं कुणी नसलेली दुसरी. दोघांच्या हातात देता येईल असं काही लिहून हवंय. नुसतं "नेटवर्किंग करा" म्हणून भागत नाही. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

लातूरकर काका, लंडन (भरतीच्या कामात)

ताई, आधी रेफरल, म्हणजे कर्मचाऱ्यानं आपल्या कंपनीत उमेदवाराचं नाव सुचवणं, आत कसा चालतो ते सांगतो. निम्मे घोटाळे तिथंच होतात.

मोठ्या कंपनीत कर्मचारी आतल्या पोर्टलवर एखाद्या ठरावीक जागेसमोर उमेदवाराचं नाव, ईमेल आणि सीव्ही भरतो. मग उमेदवाराला एक लिंक जाते आणि तिच्यावरून केलेला अर्जच रेफर केलेला म्हणून नोंदला जातो. मुलगा आधीच कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः अर्ज टाकून बसला असेल, तर बऱ्याच ठिकाणी त्याच ईमेलवर पुन्हा रेफरल बसत नाही. म्हणून आधी विचारा, दोन-तीन दिवस वाट बघा, मग अर्ज करा. जागा उद्या बंद होणार असेल तर मात्र थांबू नका, सरळ अर्ज करा.

आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक कंपन्यांत हे पोर्टल सगळ्या देशांना एकच असतं. लंडनच्या कर्मचाऱ्याला पुण्याच्या जागेसाठी नाव देता येतं. "मी इथं, जागा तिथं" म्हणून परस्पर नकार देऊ नका, आधी पोर्टल उघडून बघा.

रेफरलनं मिळतं ते एवढंच की सीव्ही माणसाच्या नजरेखालून जायची शक्यता वाढते. पुढची परीक्षा, मुलाखत, सगळं तसंच. ओळख आणि वशिला यांत गल्लत होते ती इथं. वशिल्यात माणूस निकाल मागतो, ओळखीत माहिती मागतो. निकाल देणं कुणाच्या हातात नसतं म्हणून लोक गप्प बसतात. माहिती मात्र बहुतेक जण आनंदानं देतात.

जागा शोधणं उमेदवाराचं काम आहे, ते दुसऱ्यावर ढकलू नये. पाठवायचं ते एवढं: जागेचा क्रमांक आणि लिंक, एका पानाचा सीव्ही पीडीएफमध्ये (फाईलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद), आणि जाहिरातीतल्या अपेक्षांपैकी कोणत्या आपण केल्या आहेत याच्या तीन ओळी. त्या तीन ओळी रेफर करणारा जशाच्या तशा पोर्टलवर चिकटवतो. त्या नसतील तर त्याला स्वतः लिहाव्या लागतात, आणि काम आठवड्यावर जातं.

पहिल्या निरोपात मात्र रेफरल मागूच नये. असा निरोप चालतो:

"नमस्कार. मी नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकीची पदवीधर, आपणही तिथलेच म्हणून लिहिते आहे. आपल्या कंपनीच्या पुणे कार्यालयात अमुक क्रमांकाची जागा निघाली आहे. त्या विभागात नव्या माणसाला पहिले सहा महिने कोणतं काम देतात, एवढं विचारायचं होतं. या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळतील का?"

बोलणं नीट झालं तर बहुतेक वेळा समोरचाच म्हणतो, सीव्ही पाठव. तो तसं आपणहून म्हणाला नाही, तर शेवटी तुम्ही विचारा, "माझा सीव्ही या जागेला जुळतो असं वाटत असेल तर नाव द्याल का?" यातला "वाटत असेल तर" गाळू नका. त्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहिली की संबंधही टिकतो.

आता विचारायचं कुणाला? आपली पोरं आधी मामाकडं, मग मामाच्या साडूकडं जातात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दूरच्या ओळखींचं बळ मांडलं. त्याच्या पाहणीत ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी १६.७ टक्केच लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचित. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही अगदी घट्ट किंवा अगदीच अनोळखी नाही, तर मध्यम दूरच्या ओळखी जास्त कामाच्या ठरल्या. आपल्याकडं म्हणजे दोन-तीन वर्षं पुढं असलेला कॉलेजातला मुलगा, आधीच्या कंपनीतला दुसऱ्या विभागातला सहकारी, प्रशिक्षणात शेजारी बसलेला माणूस.

जालनेकर, स्टुटगार्ट (वाहन उद्योग)

काकांनी शेवटी जे लिहिलं तिथून पुढं. वाळूज-शेंद्र्यात काम करणाऱ्या मुलाकडं ओळखी नाहीत, हे मला पटत नाही. त्यांची यादी कुणी करत नाही, एवढंच.

ग्राहक कंपनीचा पुरवठादार-गुणवत्ता इंजिनिअर अधूनमधून ऑडिटला येतो. सीएनसी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर येतो. इन्सर्ट आणि टूल विकणारा सेल्स इंजिनिअर रोज वेगवेगळे कारखाने फिरतो. कॅलिब्रेशनवाला येतो. भरतीची जाहिरात निघायच्या आधीची बातमी यांच्याकडं असते. कुठं नवी लाईन बसतेय, कुठं तीन नवी मशीनं उतरली, कुणाचा क्वालिटी हेड सोडून गेला, हे त्यांना आधी कळतं. सर्व्हिस इंजिनिअरला "जागा आहे का" विचारू नका. "सध्या नवी मशीनं कुठं बसवताय, कोणता कंट्रोलर आहे?" असं विचारा. त्या उत्तरात जागा दडलेली असते. नवी मशीन म्हणजे प्रोग्रॅमर हवा, सेटर हवा, तपासणीला माणूस हवा.

कारखान्याबाहेर इंडो-जर्मन टूल रूमचे छोटे अभ्यासक्रम, वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर, सीएमआयए आणि मासिआ या संघटनांची शिबिरं आणि प्रदर्शनं आहेत. या संघटना मुळात उद्योजकांच्या. पण त्यांच्या कार्यक्रमांत शिकायला आणि बघायला येणाऱ्यांनाही वाव असतो. प्रदर्शनाला उद्घाटनाच्या गर्दीत जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. स्टॉलवरचा माणूस तेव्हा मोकळा असतो. कार्ड घेतलं की लगेच मागं लिहा: कोणता भाग बनवतात, कशावर बोललो, पुढं काय पाठवायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत दहा कार्डं सारखीच दिसायला लागतात.

सीव्हीबद्दल. "क्वालिटी इंजिनिअर, ३ वर्षं" यावरून चाकणच्या माणसाला काहीच कळत नाही. भाग कोणता, प्रक्रिया कोणती, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, मोजलं कशावर, हे लिहा. उदाहरणार्थ: "दुचाकीच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट, टर्निंग आणि ग्राइंडिंग, ०.०१ मिमी टॉलरन्स, सीएमएम मोजणी यंत्रावर तपासणी. पीपॅप लेव्हल ३ ची कागदपत्रं स्वतः तयार केली. ग्राहक तक्रारींवर ८डी अहवाल." एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी या वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या पाच पद्धतींपैकी खरंच हात लागलेला असेल तेच लिहा. मुलाखतीत एमएसए म्हटलं की गेज आरअँडआरचे, म्हणजे मोजणीतच किती फरक पडतो याचे, आकडे विचारतात, तिथं उघडं पडायला वेळ लागत नाही. आपली कंपनी छोटी असेल तर नावापुढं एक ओळ टाका: काय बनवते, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आहे का, माल कुठल्या प्रकारच्या ग्राहकाला जातो.

एक चूक फार महागात पडते. काम दाखवायला म्हणून मुलं ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो किंवा भागाचा क्रमांक पाठवतात. ती गोपनीय कागदपत्रं असतात. नोकरी मिळायची राहिली, आहे ती जाते. समोरचाही ओळखतो, हा उद्या आपलंही ड्रॉइंग बाहेर पाठवील.

जर्मनीकडं बघणाऱ्यांनी कुणालाही रेफरल मागायच्या आधी अनाबिन या जर्मन सरकारी यादीत आपलं विद्यापीठ शोधावं. त्याच्या पुढं एच प्लस (मान्यताप्राप्त असल्याची खूण) आहे का ते बघावं. संलग्न कॉलेजात शिकलेल्यांनी कॉलेजाचं नाव नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव शोधायचं. इथं अडलेला सीव्ही पुढं सरकतच नाही आणि रेफर करणाऱ्याचीही पंचाईत होते.

बीडकर ताई, सिंगापूर (सॉफ्टवेअर)

नव्या पदवीधरांबद्दल लिहिते. ओळख नाही म्हणणाऱ्यानं पहिल्या दिवशी हे करावं. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजाचं पान उघडा, तिथं माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. राहतात कुठं, काम कुठं करतात, काय करतात, अशा गाळण्या लावता येतात. त्यातून आपल्याच शाखेचे, एक ते चार वर्षं पुढचे वीस जण निवडा. वीस वर्षं पुढचे संचालक नकोत. त्यांना प्रवेशपातळीची भरती कशी चालते हे आठवतही नसतं. दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलाला चाचणीत कोणते प्रश्न होते तेही आठवतं.

शोधताना गावांच्या नावांचं ध्यान ठेवा. जुन्या प्रोफाइलवर औरंगाबाद आहे, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद आणि धाराशिवचंही तसंच. दोन्ही नावांनी शोधा. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, म्हणून राज्य बघून घ्या. स्वतःच्या प्रोफाइलवरही हेच लक्षात ठेवा. पुण्यात जायची तयारी असेल तर भरती करणारा पुण्याच्या नावानं शोधतो, तेव्हा ते कुठंतरी दिसायला हवं.

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा आहे. तिथं "संधीच्या शोधात" लिहून ती वाया घालवू नका. हवं ते पद, तीन कौशल्यं, शहर, एवढं पुरे. "ओपन टू वर्क"चे दोन प्रकार आहेत, सगळ्यांना दिसणारी हिरवी चौकट किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसणारी खूण. नोकरीत असलेल्यानं दुसरा घ्यावा. पण आपल्या कंपनीला ते दिसणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही, हे धरून चाला.

फुकटच्या खात्यात विनंतीसोबत चिठ्ठी लिहायची सोय महिन्याला मोजक्याच वेळा मिळते आणि मजकूरही छोटाच मावतो. म्हणून त्या चिठ्ठ्या खरंच जुळणाऱ्या माणसांसाठी राखा. आठवड्याला पाच निरोप भरपूर झाले. पन्नास पाठवले की पाठपुरावा होत नाही, आणि एकाच कंपनीतल्या सहा जणांना तोच मजकूर गेला की ते आपसांत बोलतातच.

एका तक्त्यात नोंद ठेवा: नाव, कंपनी, ओळख कशी, कधी लिहिलं, काय बोलणं झालं, पुढचं पाऊल आणि त्याची तारीख. उत्तर नाही आलं तर सात-आठ कामाच्या दिवसांनी एकदा आठवण द्यावी, मग सोडून द्यावं. बोलणं झालं की त्याच दिवशी आभार. आणि महिन्याभरानं दोन ओळी: तुम्ही सांगितलेलं मी केलं, त्याचं असं झालं. ही दुसरी चिठ्ठी जवळजवळ कुणीच पाठवत नाही, म्हणून ती लक्षात राहते. नोकरी लागल्यावर तर नक्कीच कळवा, मदत केलेल्या प्रत्येकाला. नाहीतर पुढच्या गाववाल्याला तो दारात उभं करत नाही.

मुलींसाठी एक. फोन नंबर द्यायची गरज नसते, मीटिंगची लिंक द्या. कामाशी संबंध नसलेले प्रश्न आले की बोलणं तिथंच थांबवा. आपल्या मंडळातली एखादी ताई कॉलवर सोबत बसू शकते, तशी सोय ठेवू या.

वेळेचा हिशेब: भारतात संध्याकाळी साडेसात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. जर्मनीत दुपारचे चार किंवा तीन. वेळ सांगताना दोन्ही ठिकाणची लिहा.

परभणीकर, दुबई

थोडक्यात पण महत्त्वाचं. रेफरलला पैसे लागत नाहीत. "अनामत, नंतर परत" म्हणणारा, मोफत ईमेलवरून नेमणूकपत्र पाठवणारा, मुलाखत न घेता पगार सांगणारा, तिन्ही सोडा. आखाताकडं एजंटमार्फत यायचं तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी हवी. ती भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानं तपासता येते. त्याचं शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही, पावतीही घ्यायची. आणि व्हिजिट व्हिसावर नोकरीला येऊ नका. त्यावर काम करणं बेकायदेशीर आहे, आणि पगार अडकला तर दाद मागायला जागा राहत नाही.

नांदेडकर ताई, न्यू जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून एक फॉर्म करते आहे. आजपासून यादीवर नुसता सीव्ही घेणार नाही. रकाने असे: जागेचा क्रमांक आणि लिंक, आधी अर्ज केलाय का, अपेक्षांशी जुळणाऱ्या तीन ओळी, आत्तापर्यंत कोणत्या दोन माणसांशी बोलणं झालं, आपल्याकडून नेमकं काय हवं, माहिती, सीव्हीवर मत, की रेफरल. जर्मनीवाल्यांसाठी अनाबिनचा एक जादा रकाना.

आपल्या बाजूनंही एक ठरवू या. ज्याच्या कंपनीचं नाव येईल त्यानं चार दिवसांत हो किंवा नाही लिहायचं. "बघतो" लिहायचं नाही. सीव्ही जुळत नसेल तर तसं सांगा आणि काय कमी आहे ते एका ओळीत लिहा. ते लेकरू तिकडं रोज मेल उघडून बघत असतं.

कॉलवर सोबत बसायला मी तयार आहे, आणखी दोघी हव्यात. जालनेकर, शाफ्टची ती नमुना ओळ मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पाठवाल का? फॉर्मच्या खाली जोडते.