मुलांना आधी काय सांगायचं: सचोटी की हुन्नर?

घोडबंदरकर:
सोसायटीत परवा तरुण मुलांसाठी ‘यशस्वी कसं व्हाल’ यावर व्याख्यान झालं. पहाटे पाचला उठा, मोबाइल लांब ठेवा, मोठी स्वप्नं बघा. दिलेला शब्द पाळा, उधारी वेळेवर फेडा, हे तासाभरात एकदाही आलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं. आपल्या ठाण्यात महापालिकेची स्पर्धा परीक्षांची संस्था चिंतामणराव देशमुखांच्या नावाने आहे. आयसीएसला पहिले आलेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले. पण मराठी माणूस त्यांना मानतो तो १९५६ च्या राजीनाम्यासाठी. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात होती, म्हणून त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. मुलांना आधी हे सांगा.

रबाळेवाला:
दादा, नाही पटत. राजीनामा द्यायला आधी पद लागतं. टीटीसीत, म्हणजे नवी मुंबईच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, कंत्राटावर बारा तास उभं राहून घरी पैसे पाठवणाऱ्या पोराला चारित्र्य काय शिकवणार? ते त्याच्याकडे आहेच. त्याला आयटीआयचा ट्रेड हवा, अप्रेंटिसशिप हवी, पीएफ खरंच भरला जातो का हे तपासता यायला हवं. माथाडींनी वर्षानुवर्षं इमानाने पोती वाहिली, तेवढ्याने काही मिळालं नाही. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ चा कायदा आला, तेव्हा कुठे हक्काची मजुरी हातात पडायला लागली.

गाळा_वाशी:
माथाडींचं शंभर टक्के खरं. पण माथाडी पोती वाहतात त्याच वाशीच्या मार्केटमधलं दुसरं सांगतो. जुन्नरचा शेतकरी कांदा गाडीत भरून पाठवतो, स्वतः क्वचितच येतो. वजन धरून, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब, लिहितो तो गाळ्यावरचा विशीतला पोरगा. गोणीमागे दोन किलो कमी लिहिले, तर तिकडे गावात बसलेल्याला कळणार कसं? मी नवा मुलगा ठेवताना त्याचे मार्क विचारत नाही. आधीच्या गाळ्यावरून तो का निघाला, ते विचारतो.

रबाळेवाला:
आणि कमी लिही असं शेठनेच सांगितलं तर? नाही म्हणायला हातात दुसरं काम हवं. म्हणून म्हणतो, आधी हुन्नर.

गाळा_वाशी:
शेठने सांगितलं तरी लिहू नये. हुन्नर यायला वर्षं लागतात, खोटी पट्टी पहिल्या महिन्यातच समोर येते.

घोडबंदरकर:
रबाळेवाले, पीएफचं तुम्ही येऊन आमच्या मुलांना समजावाल का? रविवारी सकाळी हॉल मोकळा असतो. राजीनाम्याचं मात्र मी सांगणारच.